ठळक, तिरपं

विरुपाक्षप्पांनी बिस्किटाचा रिकामा डबा
नायनांच्या टेबलावर ठेवला, म्हणाले,
लक्ष्मीनर्सू, असलं अक्षर पाहिजे चादरीच्या कोपऱ्यात.
जाड. तिरपं. पायाला टाचा असलेलं.
माल बाहेरच्या देशात जायचाय.

नायनांनी डबा उजेडात धरला.
इंग्रजी त्यांना आकारापुरतीच येत होती:
आर म्हणजे पोट काढून एक पाय पुढं टाकलेला माणूस,
एस म्हणजे धोट्यातून सुटलेलं सूत.
घरात आम्ही तेलुगू, गल्लीत मराठी,
आणि त्यांच्या वहीत कुणाचीच नसलेली
चौकटींची एक लिपी.

जेकार्डला वाक कळत नाही.
पुठ्ठ्याला भोक आहे, किंवा भोक नाही.
तिरपी रेघ तिथं जिना होते:
चार धागे वर, एक धागा उजवीकडं,
पुन्हा चार वर.
पहिल्या नमुन्यात अक्षर त्या जिन्यावरून गडगडलं.
बारीक रेघा एका धुण्यात गेल्या.
टाच एका धाग्याची चालत नाही, नायना म्हणाले,
एक धागा म्हणजे चूक वाटते.
दोन धागे म्हणजे मुद्दाम.

दुसऱ्या वेळी त्यांनी सरळ अक्षर नुसतंच ढकललं.
विरुपाक्षप्पांना आवडलं.
नायनांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला.
ढकललेला माणूस आणि पळणारा माणूस
दोघं तिरपेच दिसतात गं,
पाय बघ.

म्हणून साखर पेठेत, दस्तगीरभाईंच्या छापखान्यात.
त्यांच्याकडं त्या जातीचा अर्धाच खण होता,
त्यातही के नव्हता.
चिमट्यानं त्यांनी एक छोटा ए उचलला.
सरळ जातीतला ए डोक्यावर छप्पर घेऊन उभा,
हा मात्र बोडका, गोल,
एका दमात लिहिल्यासारखा.
भाऊ आहेत, दस्तगीरभाई म्हणाले, पण सावली नाहीत एकमेकांची.
हा खण कशाला लागतो, मी विचारलं.
सोड्याच्या बाटलीला. अत्तराला. सर्कशीला.
लग्नात नवऱ्यामुलाच्या डिग्रीला.
मयताच्या कार्डाला?
नाही, बेटा. मयताला सरळ.
तिथं कुणाला कुठं पोचायची घाई नसते.

तिसरा नमुना उतरला तेव्हा
मागावर दिवे गेले होते.
नायनांनी अंधारातच अंगठा फिरवला.
पोट, मान, टाच.
मग काही बोलले नाहीत, चहा मागवला.

बाहेर गेलेला माल मी पाहिला नाही.
एक डागी चादर घरी आली, तिच्याखाली मी दहावीपर्यंत झोपले.
आतून अक्षरं उलटी,
लाल तिथं पांढरी, पांढरं तिथं लाल,
आणि कल डावीकडं:
बाहेरच्यांसाठी निघालेली,
माझ्यासाठी परत येणारी.

आता मी मराठी अक्षरं काढते, संगणकावर.
ठळक, तिरपी. बारा अंश.
एक बटण आहे, ते सगळ्यांना एकदम ढकलतं.
मी ते वापरत नाही. खरं सांगायचं तर
वापरते, आणि मग तीन महिने निस्तरते:
ढकलल्यावर ठ अंड्यासारखा होतो,
श आपल्याच गाठीत अडखळतो,
वेलांट्या एकमेकींच्या पदरावर पाय देतात.
फक्त शिरोरेषा कलत नाही.
ती दोरी, आणि तिच्यावर वाळत घातलेल्या,
वाऱ्यानं एका अंगाला गेलेल्या चादरी.
हे मला सुचायला चाळीस वर्षं लागली,
आमच्या गच्चीवर रोज दिसत असून.

काल ळ वीतभर मोठा छापून नायनांना दिला.
मोतीबिंदूमुळं ते कागद नाकाशी धरतात, मग बोटानं वाचतात.
टाच कुठंय?
मी म्हटलं, आपली अक्षरं उभी राहत नाहीत, लटकतात,
त्यांना टाच कशाला.
त्यांनी दोन्ही गोल पुन्हा चाचपले,
खालच्या वळणावर बोट थांबलं,
जिथं रेघ मी उगाच नाजूक केली होती.

धुतल्यावर राहील का हे?

मी म्हणणार होते, नायना, हे कुणी धुत नाही.
कागद परत घेतला.
तिथं अजून एक धागा घातला.